पाठिंबा देण्याआधी

गावाजवळ कचरा डेपो येऊ नये म्हणून उभी राहिलेली समिती असो, धरणग्रस्तांची संघटना असो की शहरात पाण्यासाठी भांडणारा नागरिक मंच असो, निवडणूक जाहीर झाली की बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुठल्या तरी पक्षाच्या तालुकाध्यक्षाचा फोन आलेला असतो. एखादा इच्छुक अपक्ष येऊन, आंदोलनाला आपला पहिल्यापासून पाठिंबा होता असं सांगून गेलेला असतो. आणि बैठकीतलाच एखादा तरुण कार्यकर्ता विचारतो, "दर वेळी दुसऱ्याच्या दारात निवेदन घेऊन कशाला जायचं? आपलाच माणूस उभा करू या की!"

हा लेख अशा बैठकीत बसणाऱ्यांसाठी आहे. राजकारणापासून लांब राहा, असा सल्ला मी देणार नाही. भूसंपादन, परवानगी, अंदाजपत्रकातली तरतूद हे निर्णय निवडून आलेली माणसं घेतात आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही. पण हे नातं कशासाठी, किती काळासाठी आणि कोणाच्या नावावर जोडायचं, हे अर्ज भरण्याचे दिवस येण्याआधी ठरलेलं असावं. त्या धावपळीच्या आठवड्यात ठरवायला बसलात तर संघटनेच्या वतीने दुसरंच कुणीतरी ठरवून मोकळं होतं.

रत्नागिरीने दोनदा घेतलेला अनुभव

पक्षाकडून आश्वासन कसं घ्यावं आणि कसं घेऊ नये, हे शिकायला रत्नागिरी जिल्हा पुरेसा आहे.

गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत प्रचाराचा मोठा मुद्दा झाला. शिवसेना-भाजप युतीने प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा केली, युती सत्तेवर आली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाल्याची घोषणाही झाली. आंदोलकांना वाटलं, जिंकलो. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प पुन्हा मंजूर केला. प्रचारात विरोध मुख्यतः विजेच्या दरावर आणि करारातल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवर होता. दर खाली आणल्याचं सांगता आलं की पक्षाच्या दृष्टीने वचन पुरं झालं. गावकऱ्यांची हरकत जमीन, पाणी आणि मासेमारी यांच्याबद्दल होती, आणि ती वचनात कुठे नव्हतीच. १९९७ मध्ये तिथल्या आंदोलकांवर लाठ्या चालल्या तेव्हा राज्यात सत्ता त्याच युतीची होती.

वीस-बावीस वर्षांनी राजापूर तालुक्यात नाणारच्या रिफायनरीला विरोध सुरू झाला. शिवसेना सरकारमध्ये होती, उद्योग खातं तिच्याकडे होतं आणि ती प्रकल्पाच्या विरोधातही होती. लोकसभेसाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये युती जाहीर झाली, तेव्हा नाणारचा प्रकल्प हलवण्याचं मान्य झालं. मार्चमध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. हे खरं यश होतं आणि ते निवडणुकीच्या तोंडावर लावलेल्या नेटामुळेच मिळालं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवली. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, लोक पुन्हा रस्त्यावर आले, आणि तोवर विरोधी पक्षात गेलेले ठाकरे आंदोलकांना भेटायला गेले.

यात कोण किती खरं वागलं, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. संघटनेने इथून उचलायचं ते असं: पक्ष तुमच्या मागणीतला त्याला सोयीचा तुकडा उचलतो, म्हणून तुकडे पाडायला जागा ठेवू नका. 'नाणारला विरोध' असं लिहून घेतलं की शेजारचं गाव मोकळं राहतं. 'तालुक्यात कुठेही, पर्यायी जागेसह, ग्रामसभांच्या ठरावाशिवाय नाही' असं लिहून घेतलं तर पुढे दाखवायला काहीतरी हातात उरतं. अधिसूचनेचा क्रमांक, गट क्रमांक, गावांची नावं, आणि निवडून आल्यावर पहिल्या अधिवेशनात नेमकं काय करणार (प्रश्न, लक्षवेधी की अशासकीय विधेयक) हे कागदावर आणा. त्याखाली उमेदवाराची सही असावी, आणि जमल्यास पक्षाच्या जिल्हाध्यक्षाचीही, कारण पुढच्या वेळी उमेदवार बदलतो. असा कागद न्यायालयात चालत नाही. पण पाच वर्षांनी गावसभेत तो वाचून दाखवला, तर समोर बसलेल्यांना बाकी काही सांगावं लागत नाही.

हे आश्वासन एकाच पक्षाकडून घेण्याचं कारण नाही. सर्व उमेदवारांना एकाच दिवशी, तेच चार-पाच प्रश्न लेखी द्या, उत्तरासाठी तारीख द्या आणि आलेली उत्तरं शब्द न बदलता एका पत्रकात छापा. ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढे तसं लिहा. सोबत उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रातली माहिती द्यायला हरकत नाही. मालमत्ता आणि गुन्ह्यांचा तपशील जाहीर करण्याची सक्ती 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेने न्यायालयात लढून २००२-०३ मध्ये मिळवून दिली. या संस्थेने स्वतः उमेदवार उभे केले नाहीत, तरी प्रत्येक उमेदवाराला तिने मिळवलेला फॉर्म भरावा लागतो. ज्या संघटनेत सगळ्याच पक्षांचे मतदार आहेत (आणि बहुतेक स्थानिक समित्या तशाच असतात) तिच्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो. त्याने समिती फुटत नाही आणि निकालानंतर कुणाच्याही दारात जाता येतं.

जाहीर पाठिंबा द्यायचाच असेल तर

कधी कधी तटस्थ राहणं अशक्य होतं. एक उमेदवार उघडपणे प्रकल्पाच्या बाजूने आणि दुसरा तुरुंगात गेलेला आंदोलक, अशी लढत असेल तर समितीने गप्प बसणं लोकांना पटणार नाही. पाठिंबा द्या, पण तो सर्वसाधारण सभेत हात वर करून ठरू द्या. विरोधातले हात मोजून इतिवृत्तात लिहा आणि पाठिंब्याची मुदत मतदानाच्या दिवसापर्यंतच आहे असं ठरावात म्हणा. रात्री दोन पदाधिकाऱ्यांनी भेटून दिलेला छुपा पाठिंबा गावात सकाळपर्यंत कळतोच, आणि त्यानंतर वर्गणी मागायला गेल्यावर लोक तो तोंडावर काढतात.

यापुढचा भाग कायद्याचा आहे आणि चांगल्या संघटना इथेच अडकतात.

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते. महाराष्ट्रात सध्या ती विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे, गोव्यात अनुक्रमे २८ लाख आणि ७५ लाख. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकांच्या मर्यादा राज्य निवडणूक आयोग ठरवतो आणि त्या वेगळ्या असतात. आपण मित्रमंडळींनी स्वतःच्या पैशाने उमेदवाराचे बॅनर लावले तर त्याच्याशी आयोगाचा काय संबंध, असं अनेकांना वाटतं. एके काळी समर्थकांनी परस्पर केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळायची सोय कायद्यात होती, २००३ च्या दुरुस्तीने ती गेली. आता उमेदवाराच्या संमतीने केलेला खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. संमतीशिवाय त्याच्या प्रचारासाठी खर्च केलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून सभेचा मंडप, रिक्षा, भोंगा, काहीही करायचं असेल तर आधी उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची लेखी परवानगी घ्या आणि बिलं त्याच दिवशी त्यांच्याकडे पोचवा.

पत्रकांचंही तसंच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं निवेदन छापखान्याला द्यावं लागतं. ते चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्याला निवडून आणण्यासाठी छापलेल्या पत्रकाला हे लागू आहे तसंच त्याला पाडा म्हणणाऱ्या पत्रकालाही. त्यात कागदपत्राने सिद्ध होईल तेवढंच लिहा, कुणाच्या खासगी आयुष्याबद्दल ओळही नको. जात किंवा धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्यात मतदाराच्या जात-धर्मालाही धरलं आहे, तेव्हा आरक्षणासारख्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी मागणी आणि मतयाचना यांची भाषा वेगळी ठेवावी.

समितीत शिक्षक असतात, ग्रामसेवक असतात, तलाठी असतात. त्यांना पुढे करू नका. सरकारी कर्मचाऱ्याने मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी होणं हा गुन्हा आहे आणि प्रचारात दिसल्यास सेवानियमांखाली कारवाई होते. उत्साहाच्या भरात आपण त्यांना मंचावर ओढतो, पण चौकशीची नोटीस त्या एकट्याच्या घरी जाते.

संघटना नोंदणीकृत न्यास असेल तर तिच्या खात्यातून प्रचारावर एक रुपयाही जाऊ नये. धर्मादाय नोंदणी आणि प्राप्तिकराची सवलत, दोन्ही त्यात धोक्यात येतात. परदेशी देणग्यांचं कलम आणखी कडक आहे: उमेदवाराला आणि पक्षाला विदेशी स्रोताकडून पैसे घेता येत नाहीत. न्यू जर्सीत नोकरी करणारा तुमचा गाववाला अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ते चालतं. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही कायद्याने तो विदेशी स्रोत आहे. त्याचा चेक प्रेमाने परत करा.

आपलाच माणूस

आता त्या तरुण कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्या मागे खरी चीड असते, म्हणून त्याला उडवून लावू नका. शिरोळचे राजू शेट्टी ऊसदराच्या आंदोलनातून २००४ मध्ये अपक्ष आमदार झाले आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून खासदार. अचलपूरचे बच्चू कडू याच काळात अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. मुंबईत जुहूच्या नागरिकांनी २००७ मध्ये आपल्यातला एक माणूस महापालिकेत निवडून पाठवला. तेव्हा हे घडतं. पण विधानसभेच्या पातळीवर ते अवघड होत चाललं आहे. १९९५ मध्ये विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते, २०२४ मध्ये २८८ पैकी फक्त दोन. त्या ४५ मध्येही पक्षाने तिकीट नाकारलेले बंडखोर पुष्कळ होते, चळवळीतले थोडे. आंदोलनाला जमणारी गर्दी एका प्रश्नासाठी येते, तर मत देताना माणूस दहा गोष्टी बघतो. पंजाबातल्या शेतकरी संघटनांनी दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन चालवून कायदे मागे घ्यायला लावले आणि लगेच त्यांच्यातल्या काहींनी संयुक्त समाज मोर्चा काढून २०२२ ची विधानसभा लढवली. एकही जागा मिळाली नाही. गोव्यात मातृभाषेतून शिक्षणाच्या मागणीसाठी मोठं आंदोलन झालं, त्यातून निघालेल्या गोवा सुरक्षा मंचाने २०१७ ची निवडणूक लढवली आणि हाती तेच आलं.

माझा सल्ला असा की सुरुवात ग्रामपंचायतीपासून करा. महाराष्ट्रात ती निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते, त्यामुळे समितीच्या माणसाला तिथे जागा आहे. ग्रामसभेचा ठराव तुमच्या आंदोलनाचं मूळ असेल तर ती ग्रामपंचायत हातात असणं आमदारकीपेक्षाही मोलाचं ठरू शकतं. प्रभाग किंवा जिल्हा परिषद गट ही त्यापुढची पायरी.

विधानसभेला उतरायचंच ठरलं तर तयारी आधी हवी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. सही नीट न जुळल्याने अर्ज बाद होऊ नये म्हणून पर्यायी सूचकांसह दुसरा अर्जही भरून ठेवा. अनामत दहा हजार (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच हजार), आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडली तर ती जप्त होते. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं. निकालापासून तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर हरलेला उमेदवारसुद्धा तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. देणगीदारांना हेही आधी सांगा की पक्षाला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात जी वजावट मिळते ती अपक्षाला दिलेल्या देणगीवर मिळत नाही.

चिन्ह उशिरा मिळतं, म्हणून लोकांच्या डोक्यात उमेदवाराचं पूर्ण नाव आधीपासून बसवा. नामसाधर्म्याचा फटका मोठ्या पक्षांनाही बसतो: २०१४ मध्ये रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. तुमच्या उमेदवाराविरुद्ध असा डाव पडला, तर मतदान यंत्रावरचं छायाचित्र आणि वडिलांच्या नावासह सगळं नाव सांगणं, एवढाच उपाय हातात राहतो.

निवडून आल्यावर काय, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. घटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे अपक्ष आमदार किंवा खासदार निवडून आल्यानंतर कुठल्याही पक्षात गेला तर तो अपात्र ठरतो. सरकारला बाहेरून पाठिंबा देता येतो, पक्षाचं सदस्यत्व घेता येत नाही. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. महापालिका आणि नगरपालिकांत निकालानंतर महिन्याभरात आघाडी नोंदवण्याची मुभाही आहे, पण एकदा आघाडीत नाव नोंदवलं की तिचा पक्षादेश बांधून घेतो. कचरा डेपोच्या विरोधात निवडून आलेल्या नगरसेवकाला स्थायी समितीच्या एका जागेपायी डेपोच्या बाजूने हात वर करावा लागू शकतो. आघाडीच्या नोंदणीवर सही करण्याआधी त्याने समितीला विचारलंच पाहिजे, अशी अट उमेदवारी देतानाच घाला.

संघटनेचं नाव कोणाचं

नेता उमेदवार झाला की संघटना कुणाची, हा वाद माणसं कायमची तोडतो. शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने २०१४ मध्ये भाजपप्रणीत आघाडीशी हात मिळवला, २०१६ मध्ये तिचे सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले, आणि पुढच्या वर्षी संघटनेने खोत यांना काढून टाकल्यावर दुसरी संघटना उभी राहिली. चळवळीतला एक माणूस सरकारात आणि दुसरा त्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर, ही ओढाताण कुठलीही संघटना फार दिवस पेलू शकत नाही. दोन्ही माणसं प्रामाणिक असली तरी नाही.

म्हणून संघटनेच्या घटनेतच लिहून ठेवा: जो पदाधिकारी कुठल्याही चिन्हावर अर्ज भरेल त्याचं पद त्या दिवसापासून रिकामं. जिंकला तरी, हरला तरी, ठरावीक काळ त्याने पदावर परतायचं नाही. लेटरहेड, शिक्का, व्हॉट्सॲप गटाचं नियंत्रण आणि वर्गणीचं पावतीपुस्तक त्याने त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्यावं. पंजाबात संयुक्त किसान मोर्चाने निवडणुकीत उतरलेल्या संघटनांपासून स्वतःला वेगळं केलं आणि आपलं नाव वापरू नये असं जाहीर केलं. त्यामुळे निवडणुकीतला पराभव त्या नावाला चिकटला नाही आणि मोर्चाला पुढे हमीभावाचा प्रश्न त्याच नावाने मांडता आला.

उमेदवार उभे करण्याची घोषणा करून मागे येण्यात कमीपणा नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांनी ४ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या माघारीच्या शेवटच्या दिवशी, आपल्या बाजूने अर्ज भरलेल्यांना ते मागे घ्यायला सांगितलं. एका जातीच्या मतांवर निवडणूक जिंकता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तो हिशेब बरोबर वाटला. त्यासाठी शेवटचा दिवस उजाडला हे मात्र ज्यांनी अर्ज भरले, पैसे घातले, गावोगाव शब्द दिला, त्यांना जड गेलं असणार. हीच चर्चा महिनाभर आधी करा.

पक्षांशी एकत्र येऊन मागणी पदरात पाडून घेतल्याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याकडे आहेच. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष होते, आणि पक्षाबाहेरची माणसंही. त्यांनी एक मागणी धरली, १९५७ ची निवडणूक एकत्र लढली आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि त्यानंतर समिती टिकली नाही. तिच्या मोडण्याबद्दल अजून हळहळणारे लोक भेटतात. मला वाटतं, ती ज्या एका कामासाठी जमली होती ते झालं होतं. तुमच्या युतीच्या ठरावातही ती कधी संपेल ते लिहिलेलं असू द्या.

निकाल लागल्यावर आठवड्याभरात समितीची बैठक घ्या. ज्याला पाठिंबा दिला तो हरला असेल तरी प्रश्नांचं तेच पत्र, तीच मागणी, नवी तारीख टाकून निवडून आलेल्या माणसाकडे न्या. त्याने प्रचारात तुम्हाला काय म्हटलं होतं ते त्या दिवशी काढू नका. सोबत त्याला मत दिलेले समितीतले दोघे-तिघे असू द्या, आणि निघताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.